वजनकाट्याची पावती निघायला वीस सेकंद: कार्यालयातील संथ नेटवर्क आणि पॅकेट कॅप्चर

प्रश्नकर्ता, रत्नागिरी

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंग कारखान्याच्या कार्यालयातील संगणक मी सांभाळतो. येथे १८ संगणक, एक सर्व्हर आणि २४ पोर्टचा एक मॅनेज्ड स्विच (सर्व संगणकांना जोडणारी, सेटिंग बदलता येणारी पेटी) आहे. दुपारी टेम्पोंची रांग लागली की वजनकाट्याची नोंद सर्व्हरवर जतन व्हायला वीस-वीस सेकंद लागतात. पावती हातात पडेपर्यंत बागायतदार उन्हात तिष्ठत राहतात आणि क्रेटमधला आंबा तापत असतो. सकाळी गर्दी नसताना हा त्रास जवळजवळ नसतो. इंटरनेटची लाइन तपासून झाली, ती ठीक आहे. सर्व्हरला पिंग केल्यास एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर येते.

काट्याच्या संगणकावर वायरशार्क हा प्रोग्राम बसवून दहा मिनिटांचे कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटची (डेटाच्या तुकड्यांची) नोंद, घेतले. त्यात काळ्या पट्टीवर लाल अक्षरांच्या ओळी भरपूर आहेत, शिवाय काही पॅकेट १५१४ बाइट या नेहमीच्या मर्यादेपेक्षा मोठी दिसतात. यावरून दोष कुठे आहे हे कसे ओळखावे?

उत्तर, चिपळूण

मोठ्या पॅकेटची चिंता करू नये. डेटाचे तुकडे करण्याचे काम हल्ली नेटवर्क कार्ड करते आणि वायरशार्क त्याआधीच पॅकेट टिपतो, म्हणून त्याच संगणकावर घेतलेल्या कॅप्चरमध्ये ती तशी दिसतात. काळ्या ओळी मात्र महत्त्वाच्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा रीट्रान्समिशनच्या, म्हणजे पोच न मिळाल्यामुळे पुन्हा पाठवलेल्या पॅकेटच्या असतील. पोच आली नाही की टीसीपी (डेटा नीट पोहोचवण्याची जबाबदारी असलेली नेटवर्कची पद्धत) थांबून पुन्हा पाठवतो आणि तेही हरवले तर थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट करतो. चार-पाच वेळा असे झाले की तुमचे वीस सेकंद भरतात.

पॅकेट हरवले हे कळले तरी ते कुठे हरवले हे एका टोकाच्या कॅप्चरवरून कळत नाही. स्विच एका संगणकाची पॅकेट दुसऱ्याला दाखवत नाही, म्हणून स्विचच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पोर्टचे मिररिंग (त्या पोर्टवरच्या पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणे) सुरू करावे आणि मिरर पोर्टला लॅपटॉप जोडून ऐन गर्दीच्या वेळी कॅप्चर घ्यावे. मग एकच गोष्ट पाहावी: पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची पहिली प्रतही कॅप्चरमध्ये आहे का? दोन्ही प्रती दिसत असतील तर पॅकेट स्विचपर्यंत नीट आले आणि त्यापुढे हरवले. फक्त दुसरीच दिसत असेल तर ते स्विचपर्यंत पोहोचण्याआधीच हरवले.

कॅप्चरमध्ये बागायतदारांचे बँक खाते क्रमांकही येऊ शकतात. त्यामुळे मालकांची लेखी परवानगी घ्यावी, प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच साठवावेत आणि ती फाइल येथे चढवू नये.

उत्तर, मालवण

वरील सल्ल्याला एक पुरवणी. नोंदीची विनंती सर्व्हरला मिळाल्याची पोच लगेच येत असेल, पण प्रत्यक्ष उत्तर काही सेकंदांनी येत असेल आणि मध्ये एकही रीट्रान्समिशन नसेल, तर नेटवर्क निर्दोष आहे; डेटाबेस किंवा हार्ड डिस्क तपासावी. मी एकदा हे न पाहताच अख्ख्या कार्यालयाच्या केबल बदलल्या होत्या आणि दोष डिस्कमध्ये निघाला.

तरीही किनाऱ्यालगत केबलची टोके काढून पाहावीतच. खाऱ्या दमट हवेने पिनांवरचा मुलामा जिथे झिजलेला असतो तिथे हिरवट थर धरतो.

प्रश्नकर्ता, रत्नागिरी

दोघांचे मनापासून आभार. परवानगी घेऊन काल दुपारी दोन ते तीन या वेळेत मिरर पोर्टवर कॅप्चर घेतले. काट्याकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या पॅकेटच्या दोन्ही प्रती दिसतात. उलट दिशेने, सर्व्हरकडून येणाऱ्यांची फक्त दुसरी प्रत दिसते आणि तिच्याआधी काट्याकडून एकच पोच तीन-चार वेळा आलेली असते. बाकीच्या संगणकांचेही सर्व्हरशी हेच चालले आहे. सर्व्हरच्या केबलच्या टोकाला खरोखरच हिरवट थर होता, म्हणून केबल बदलली. पण फरक पडला नाही.

उत्तर, चिपळूण

म्हणजे दोन्ही दिशांची पॅकेट स्विच आणि सर्व्हर यांच्यामधल्या त्या एकाच दुव्यावर हरवत आहेत. केबल नवी असून, पिंग स्वच्छ असून, गर्दीतच बिघाड होत असेल, तर दोन्ही टोकांचे डुप्लेक्स तपासावे: फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणे व घेणे, हाफ म्हणजे एका वेळी एकच, आणि ऑटो म्हणजे दोन्ही टोकांनी आपसांत ठरवणे. एक टोक १०० फुल (१०० मेगाबिट वेग, फुल डुप्लेक्स) असे हाताने बांधलेले आणि दुसरे ऑटोवर असेल, तर ऑटोच्या टोकाला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स कळत नाही, आणि ते नियमानुसार हाफ धरते. मग एक टोक केव्हाही बोलते आणि दुसरे त्याला टक्कर समजून आपले पॅकेट अर्ध्यावर तोडते. पिंगची छोटी पॅकेट एकेकटी जातात म्हणून निभावतात. स्विचच्या त्या पोर्टवर सीआरसी त्रुटींचा (बिघडून आलेल्या पॅकेटचा) आकडा वाढत असेल तर शंका उरणार नाही.

प्रश्नकर्ता, रत्नागिरी

अगदी तेच निघाले. स्विचचा पोर्ट १०० फुलवर बांधलेला होता, सर्व्हरचे कार्ड ऑटोवर होते आणि ते हाफवर चालत होते; सीआरसीचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. दोन्ही टोके ऑटोवर ठेवताच दुवा १००० फुलवर आला. आज दुपारी तेवढ्याच गर्दीत पुन्हा तासभर कॅप्चर घेतले, तेव्हा रीट्रान्समिशन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि पावती बटण दाबताच निघत होती. स्विचचे उरलेले पोर्टही पाहिले. आणखी दोन तसेच बांधलेले होते, तेही मोकळे केले आहेत.