काचबिंदूची औषधं तपासायला केलेलं जेल टिमोलॉलला दादच देत नाही

प्रश्न: मानवी ट्रॅबेक्युलर मेशवर्कच्या (डोळ्यातलं पाणी, म्हणजे नेत्रजल, जिथून बाहेर निचरतं त्या चाळणीसारख्या ऊतीच्या) पेशी कोलॅजेन जेलमध्ये वाढवल्या आहेत. मिलिलिटरला 10 लाख पेशी, 10 टक्के सीरम, 100 नॅनोमोलर डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) 7 दिवस. पण डेक्सामेथासोन दिलेलं आणि न दिलेलं जेल सारखंच आकसतं. टिमोलॉल किंवा लॅटानोप्रोस्ट ही काचबिंदूची औषधं देऊनही जेलमधून होणारा निचरा वाढत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर १: निचऱ्यापुरतं बोलायचं तर जेलचा दोष नाही, औषधं चुकीची निवडलीत. टिमोलॉलमुळे सिलिअरी बॉडीत नेत्रजल कमी तयार होतं. त्या पेशी तुमच्या जेलमध्ये नाहीतच. लॅटानोप्रोस्टचा भर यूव्हिओस्क्लेरल वाटेवर, म्हणजे मेशवर्क सोडून निचऱ्याच्या दुसऱ्या वाटेवर असतो, शिवाय ते प्रोड्रग आहे, म्हणजे शरीरात बदलल्यावरच काम करणारं औषध. कॉर्नियातल्या एस्टरेज या एन्झाइमने त्याचं आम्ल झालं तरच ते लागू पडतं. मेशवर्कवर थेट काम करतात ती रो-कायनेज (पेशींना आकसायला लावणारं एन्झाइम) रोखणारी औषधं. आधी त्यांपैकीच वाय-27632 हे 10 मायक्रोमोलर देऊन बघा. त्यानेही जेल सैलावलं नाही, तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही.

उत्तर २: आकसण्याचा घोळ बहुधा सीरमचा आहे. 10 टक्के सीरममध्ये पेशी आधीच इतक्या जोरात ओढतात, की डेक्सामेथासोनला दाखवायला काही उरत नाही. 1 टक्क्यावर आणा. जेल घट्ट झालं की बारीक सुईने कडा सोडवा, नाहीतर ते प्लास्टिकला चिकटून राहतं. कंट्रोलमध्येही (डेक्सामेथासोन न दिलेल्या जेलमध्ये) तेवढंच इथेनॉल हवं, कारण डेक्सामेथासोन त्यातच विरघळवलेलं असतं.

आणि पेशी खरंच मेशवर्कच्या आहेत ना? डेक्सामेथासोननंतर मायोसिलिन हे प्रथिन वाढायला हवं. वाढत नसेल तर स्क्लेराचे (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचे) फायब्रोब्लास्ट मिसळलेत असं धरा. पाचव्या-सहाव्या पॅसेजनंतर (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीनंतर) हा प्रतिसाद मंदावतो. स्टेरॉइडने दाब चढणं सगळ्यांच्या डोळ्यांत सारखं नसतं, म्हणून एकाच दात्यावर निष्कर्ष काढू नका. किमान तीन घ्या.

प्रश्नकर्ता: सीरम कमी करून बघतो. निचरा मोजताना दाब किती ठेवू?

उत्तर ३: डोळ्यातला दाब साधारण 15 मिमी पारा आणि बाहेरच्या शिरांमधला 8, म्हणजे मेशवर्कवर फरक पडतो 7 चा. मीडियमची (पेशी वाढवायच्या द्रवाची) पातळी जेलपेक्षा 10 सेंटिमीटर उंच ठेवलीत की जवळपास तेवढाच मिळतो. मीडियम आधी 37 अंशांवर आणून त्यातली हवा काढा. थंड मीडियम दाट असतं, त्यामुळे निचरा कमी दिसतो. आणि एखादा बुडबुडा अडकला तर औषध बिचारं विनाकारण नापास होतं. पेशी नसलेलं जेल दर वेळी सोबत चालवा. त्यातून मीडियम भसाभसा वाहिलं तर ते कडेने गळतंय. श्लेम कॅनॉलच्या (मेशवर्कनंतर नेत्रजल ज्या नळीत जातं तिच्या) पेशीही लावणार असाल तर त्या खालच्या बाजूला, प्रवाह जिथे बाहेर पडतो तिथे लावा. उलट लावल्या तर त्यांच्यात पोकळ्या तयार होणार नाहीत.