300 लिटरच्या रीफमध्ये (खाऱ्या पाण्याची प्रवाळ टाकी) डेरासा क्लॅम (मोठा शिंपला): कोणाला ठेवू, कोणाला काढू?

खारंपाणी_लातूर
4 फुटी टँक, संपसकट (खालची फिल्टर टाकी) 300 लिटर. क्लाउन माशांची जोडी, एक कोरल ब्यूटी आणि एक सिक्सलाइन रास (हेही मासेच), हर्मिट खेकडे, बबलटिप अ‍ॅनिमोन (समुद्रफूल), थोडे झोआ (प्रवाळासारखे जीव). 4 इंची डेरासा टाकायचा विचार आहे. बोअरचं पाणी आरओ करून वापरायलोय. केएच (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) 7 ते 9 मध्ये हलतंय. खोलीला एसी नाही, टँकवर पंखे आहेत. काय बदलू?

शिंपलेवाला_संभाजीनगर
भाऊ, आधी कागद. मॅक्झिमा आणि स्क्वामोसा हे क्लॅम वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, त्यांचं नावच काढू नका. डेरासाही सायटीस (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट 2 मध्ये येतो. मत्स्यशेतीत वाढवलेला, आयात परवान्यासकट मिळाला तरच घ्या आणि सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा. दुकानदार "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता मासे. कोरल ब्यूटी काढाच. ती मँटलला (क्लॅमचा बाहेर पसरलेला मऊ पडदा) टोचते, क्लॅम मिटतो. दिवसभर मिटलेला राहिला की मँटलमधल्या शैवालाला उजेड मिळत नाही, आणि क्लॅमचं बरंच अन्न त्यातूनच येतं. दोन-तीन आठवड्यांत तो खंगतो आणि दोष पाण्याला दिला जातो. सिक्सलाइन राहू द्या, थोडा भांडखोर आहे पण उपयोगाचा. अ‍ॅनिमोन फिरत्या पायाचा असतो आणि डंख मारतो, क्लॅम दुसऱ्या टोकाला ठेवा. क्लाउन मँटलमध्ये लोळायला लागले तर मात्र वेगळे करावे लागतील. तांब्याचं औषध या टँकमध्ये कधीच नको, आजारी मासा वेगळ्या टाकीत.

केएच_मास्तर
मासे नंतर बघा, मला तुमचं केएच जास्त खटकतंय. डेरासा वाढायला लागला की कॅल्शियम आणि केएच दोन्ही ओढतो. 8 ते 8.5 वर बांधून ठेवा, रोज एकाच वेळी तपासा. 300 लिटरमध्ये केएच 1 डिग्री चढवायला साधारण 9 ग्रॅम खायचा सोडा लागतो. लिटरभर आरओ पाण्यात विरघळवून संपमध्ये हळूहळू सोडा, दिवसाला 1 डिग्रीच्या वर नको. कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या (दशलक्षात भाग) आसपास.

बोअरच्या पाण्यात शेतातल्या खतांचं नायट्रेट असू शकतं आणि आरओ ते पूर्ण अडवत नाही. मागे डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारा फिल्टर) लावा, टीडीएस (विरघळलेले क्षार) 0 आला पाहिजे. पण टँकमधलं नायट्रेट शून्यावर नेऊ नका, 2 ते 10 पीपीएम क्लॅमला हवंच.

आपल्याकडं मे महिन्यात हवा कोरडी असते, पंखे छान काम करतात. पण 5 लिटर उडाले की 35 पीपीटीचा (हजारात भाग) खारेपणा 35.6 होतो. ऑटो टॉपऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, त्यात गोडं पाणीच, मिठाचं नाही. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो. पाणी 28 अंश सेल्सियसच्या वर गेलं तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बघा. लाइट जाते तेव्हा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर राहू द्या.

शिंपलेवाला_संभाजीनगर
एक राहिलं. डेरासा वाळूवर, खाली चपटा दगड ठेवून. मग पायाचे धागे दगडाला चिकटतात आणि हलवायचं झालं तर दगडासकट उचलता येतं. ओढून काढला तर खालचा अवयव फाटतो. वेव्हमेकरची धार थेट अंगावर नको, मँटल दुमडतो. उजेड आठवडाभर कमी ठेवून हळूहळू वाढवा.

लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन कडा आणि बूड बघा. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसल्या तर त्या क्लॅमचं रक्त पितात. मऊ टूथब्रशनं काढा, कवचाला चिकटलेली पारदर्शक अंडीही घासा आणि काही आठवडे तपासत राहा. सिक्सलाइन त्या खातो, पण त्याच्या भरवशावर सोडू नका.

खारंपाणी_लातूर
कोरल ब्यूटी दगड न उचकटता कशी पकडू?

केएच_मास्तर
2 लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा आत बसवा. आत मायसिस (कोळंबीसारखं माशांचं खाद्य), गळ्याला दोरी. दोन-तीन दिवस खाणं फक्त बाटलीतच द्या, बाहेर दाणाही नको. क्लाउन आधी शिरले तर सोडून द्या, बाटली तिथंच ठेवा.