प्रतिसाद: शेवटच्या क्षणी फिसकटलेला व्यवहार
जमीन घ्यायचं सगळं ठरल्यावर मालकाच्या एका भावाने सहीला नकार दिला, हे तुमचं वाचून फार वाईट वाटलं. 'सोडा, दुसरी मिळेल' असं वर काहींनी म्हटलंय, पण ते इतकं सोपं नसतं. जागा पहिल्यांदा बघून परततानाच आपण मनात तिथे घर बांधलेलं असतं, दार कुठे, झाडं कुठे, सगळं ठरलेलं असतं.

आमचा एक व्यवहार मोजणीत अडकला. शेजाऱ्याचं कुंपण आत आलेलं निघालं आणि जायची वाट कागदावर नव्हतीच. मालक म्हणाले, "आजवर कुणी अडवलंय का?" मन म्हणत होतं, घेऊन टाकू. ही ओढच धोक्याची. त्या भरात वारसांच्या सह्या, जमिनीवर आधीच असलेला कर्जाचा बोजा, रस्त्याचा हक्क, काही नीट बघितलं जात नाही. आम्ही माघार घेतली, पण पुढे बरेच दिवस घरात जमिनीचा विषय कुणी काढला नाही.

तुम्ही इसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, दिलाय ना? मग करारात तो परत मिळण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. तोंडीच ठरलं असेल तर आजच वकिलाला गाठा. आणि वहिनी अजून नाराज आहेत म्हणालात, तर त्यांना लगेच नवी जागा दाखवायला नेऊ नका.