पुळणीवर मागचं एकच चाक फिरतं. लॉकर टाकू की एलएसडी?

मढकोळी:
नमस्कार मंडळी. मी मढचा, घरची होडी आहे. २०१७ ची सिंगल कॅब डिझेल पिकअप वापरतो, फोर बाय टू, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना, मागे पाटे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा कुठली गाडी चांगली याच्यावरच जाते. सुकतीला होडी लागली की गाडी पुळणीवर न्यायची, म्हावऱ्याच्या पाट्या आणि बर्फाचे टब भरायचे आणि मार्व्यावरून मालाड गाठायचं. वाळूचं काम दिवसाला पंधरा-वीस मिनिटांचं, बाकी सगळा डांबर आणि ट्रॅफिक.

गेल्या आठवड्यात गाडी होडीला जरा तिरकी लावली होती. माल भरून निघालो तर डावं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि बघता बघता हबपर्यंत आत गेलं. उजवं चाक हललंसुद्धा नाही. भरती चढत होती, खड्ड्यात पाणी यायला लागलं. शेवटी होडी ओढायचा दोर गाडीला लावला आणि सगळा वाडा ओढायला धावला, म्हणून गाडी वाचली. बाबा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

एक गॅरेजवाला म्हणतो एलएसडी टाक, म्हणजे एक चाक मोकळं फिरायला लागलं की त्याला रोखणारं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटणारा गिअरचा संच). दुसरा म्हणतो डिफरन्शियलच्या आतल्या स्पायडर गिअरला वेल्डिंग मारून देतो, दोन तासांचं काम. मी काय करू? पैसे एकदा घालीन, दुसऱ्यांदा घालायची ऐपत नाही.

घाटवाट:
अडकलास तेव्हा टायरमध्ये हवा किती होती? आणि उजवं चाक नक्की हललं नव्हतं ना? दोन्ही चाकं फिरत असतील तर लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग, टाकून काही उपयोग नाही, तिथे पकडच कमी आहे.

मढकोळी:
उजवं नक्की हललं नव्हतं. मी खाली उतरून बघितलं, त्या टायरच्या मागे वाळू उडालेलीच नव्हती, डाव्याच्या मागे ढीग होता. हवा मागे ५५. वाळूसाठी हवा कमी करतात हे ऐकून आहे, पण मालाडला जायच्या आधी परत भरायची कुठे? म्हणून कधी केली नाही.

कुर्ल्याचा_मेस्त्री:
बाळा, मी तीस वर्षं क्राऊन-पिनियनचंच (डिफरन्शियल फिरवणाऱ्या दातांच्या जोडीचं) काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो. तुझ्या डाव्या चाकाखालची वाळू सुटली, तिथे पकड नावापुरती राहिली. मग उजव्यालाही तेवढाच नावापुरता जोर मिळाला आणि ते ढिम्म राहिलं. इंजिन कितीही ताकदीचं असो, ती ताकद पुढे पोचत नाही. गाडी तिरकी लावल्याने एका चाकावरचं वजन कमी झालं, ती भर पडली. तू खाली उतरून ढीग बघितलास हे फार चांगलं केलंस, निम्मं निदान तिथेच झालं.

आता एलएसडी. प्लेटवाल्या एलएसडीत क्लचसारख्या चकत्या असतात, त्या दोन चाकांमधला फरक घर्षणाने रोखतात. नव्या असताना बरं काम होतं. पण वाळूत रोज घासल्या की झिजतात, ऑइलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह लागतं, ते विसरलं की वळणावर मागून करकर आवाज. दुसरी गिअरवाली एलएसडी, टॉर्सेन म्हणतात त्या जातीची. तिच्यात झिजायच्या चकत्या नाहीत, आणि पावसात वेस्टर्न एक्सप्रेसच्या ओल्या रस्त्यावर ती गाडी फार छान धरते. मात्र ती कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या दोन-तीन पट दुसऱ्याला देते. कमी पकडीचं चाक शून्यावर आलं तर शून्याच्या तिप्पट शून्यच. तुझं डावं चाक त्या दिवशी जवळजवळ शून्यावरच होतं.

महिंद्राने २०१५ च्या थारपासून मागे जो मेकॅनिकल लॉक दिला, तो आपोआप बसतो. पण त्यासाठी दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडावा लागतो. चिखलात ते चालून जातं. भुसभुशीत वाळूत तेवढ्या फेऱ्या होईपर्यंत चाक वीतभर आत गेलेलं असतं.

तुझ्या कामाला बटणावर लागणारा लॉकर पाहिजे. वाळूत शिरायच्या आधी, गाडी उभी असताना बटण दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात. डांबरावर आलास की बंद, मग डिफरन्शियल पुन्हा साधं, मालाडच्या गल्लीबोळात नेहमीसारखं वळतं. चाक फिरत असताना बटण कधीही दाबू नकोस, दात उडतात. आणि लॉक असताना स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते, हे पहिल्या दिवशी मोकळ्या पुळणीवर अनुभवून घे, होडीच्या शेजारी नको.

इलेक्ट्रिक की हवेवरचा? इलेक्ट्रिकला आत कॉइल आणि बाहेर एक कनेक्टर. खाऱ्या पाण्याने मी असे कनेक्टर हिरवे पडून तुटलेले बघितलेत, तुझ्या गाडीखाली ते रोजचं आहे. हवेवरच्यात नळी आणि आतले ओ-रिंग सांभाळावे लागतात. ओ-रिंग गेला तर हवा हौसिंगमध्ये (डिफरन्शियलच्या पेटीत) शिरते आणि ब्रीदरमधून (त्या पेटीच्या हवेच्या भोकातून) ऑइल बाहेर फेकते. पण हवेवरच्याला कॉम्प्रेसर लागतोच, आणि तुझा खरा प्रश्न तोच सोडवतो. वाळूत शिरताना हवा २० वर आण, बाहेर आलास की त्याच कॉम्प्रेसरने रस्त्याची भरून घे. एकाच खर्चात दोन्ही कामं. कॉम्प्रेसर मात्र केबिनमध्ये सीटमागे बसव, चेसिसला नको, मीठ त्याला वर्षभरात खाईल.

वसई_विठ्ठलवाडी:
वेल्डिंगचं मी सांगतो, कारण भोगलंय. मी घेतलेल्या सेकंडहँड पिकअपचं डिफरन्शियल असं वेल्ड केलेलं होतं, विकणाऱ्याने सांगितलं नाही. प्रत्येक वळणावर मागचे टायर ओरडायचे, सहा महिन्यांत गुळगुळीत झाले. पावसात ठाण्याच्या एका गोल चौकात मागची बाजू अशी सरकली की दुभाजकाला टेकलोच. शेवटी माल भरलेला असताना हाफ शाफ्ट (चाकापर्यंत जोर नेणारा दांडा) तुटला. कोणी दोन तासांत करून देतो म्हणाला तरी रस्त्यावरच्या गाडीला ते नको.

घाटवाट:
मेस्त्री, एका गोष्टीत मी तुमच्याशी सहमत नाही. गिअरवाल्या एलएसडीत चाक शून्यावर आलं तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढायचा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा मिळाला की दुसऱ्याला जोर जातो. मी भंडारदऱ्याच्या चिखलात असंच काढलंय. वर्षाचे चार महिने पाऊस आणि बाराही महिने डांबर असेल तर एलएसडी रोज उपयोगी पडते, लॉकर पंधरा मिनिटंच.

कुर्ल्याचा_मेस्त्री:
हँडब्रेकची युक्ती खरी आहे आणि ती साध्या डिफरन्शियललाही थोडीफार लागू पडते. मढकोळी, ती आजच शिकून घे. पण त्याच्या मागे बर्फ आणि माल मिळून भरपूर वजन आहे आणि पाणी चढतंय. अशा वेळी ब्रेक ओढून चाक फिरवत बसला तर तेच चाक आणखी खाली जाईल. त्याची अडचण त्या पंधरा मिनिटांतच आहे.

अजून एक, स्वस्तातलं. हौसिंगचं ब्रीदर बघ. गाडी चालून आली की आतलं ऑइल गरम असतं. लाट हौसिंगवर आली की ते एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. ड्रेन प्लग काढून दोन थेंब बोटावर घे. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी गेलंय, ऑइल आधी बदल. मग ब्रीदरला नळी जोडून वर हौद्याच्या कठड्यापर्यंत ने. कुठलाही लॉकर टाकलास तरी हे पाहिजेच.

मढकोळी:
काका, आज प्लग काढला. ताकच होतं. बोटावर चोळलं तर बारीक चकाकीही दिसली, ते वाईट आहे का?

आणि आज पहाटे चुलत भावाच्या पायपंपाचा भरवसा धरून हवा २२ केली. तेवढाच माल, तीच पुळण, गाडी सरळ उभी केली. एकदाही न रुतता बाहेर आली. पंप मारून मारून पाय दुखले, पण बाबांनी गाडीवर थाप मारली.

कुर्ल्याचा_मेस्त्री:
बारीक पिठासारखी चकाकी असेल तर घाबरू नकोस, चुंबकाच्या प्लगवर तेवढी जमतेच. कण नखाला टोचत असतील तर बेअरिंग गेलंय, मग उघडावं लागेल. आताच ऑइल बदल, पाचशे किलोमीटरने पुन्हा बदल.

हवा कमी करून जमतंय तर लॉकरची घाई नको. १ जूनला मासेमारीची बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत गाडीला पुळणीवर काम नाही. तेव्हा आण. लॉकर घ्यायच्या आधी मात्र मी एक्सल बाहेर काढून त्याच्या टोकाचे दात मोजणार आणि क्राऊनचं रेशो बघणार. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक हे बदललेलं असतं आणि चुकीचा लॉकर आणला तर कोणी परत घेत नाही. बसवल्यावर दातांना निळा रंग लावून ठसा कुठे पडतो ते तुझ्या डोळ्यांदेखत दाखवीन. ठसा दाताच्या मधोमध आला तरच गाडी परत नेशील. तो सरकलेला राहिला तर पन्नासच्या वेगाला मागून भणभण येते आणि क्राऊन लवकर जातो.

मढकोळी:
काका, २ जूनला सकाळी गाडी घेऊन येतो. ब्रीदरची नळी या रविवारी मी स्वतः टाकतो, फोटो इथे लावीन. कठड्याच्या आतून नेऊ की बाहेरून?

कुर्ल्याचा_मेस्त्री:
आतून. बाहेरून नेलीस तर पाट्या उतरवताना तुटेल.