वजनकाटा म्हणजे पॅथॉलॉजी लॅब नव्हे!

बोरूबहाद्दर: काल 'किलोमीटर' यांनी लिहिलं, "रिपोर्टांवर पैसे उडवू नका. काट्यावर उभे राहा. आकडा बरोबर तर शुगर-कोलेस्टेरॉल आपोआप बरोबर." त्यावर टाळ्याही पडल्या! डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

चरबी किती यापेक्षा ती कुठे साठलीय ते बघा. कातडीखालची बरीचशी गरीब असते. यकृतात आणि आतड्यांभोवती बसते ती घात करते. 2004 साली याज्ञिक आणि यूडकिन या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. चरबी एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1. काटा यातलं काय सांगणार, कप्पाळ?

किलोमीटर: दोन माणसांच्या फोटोने नियम मोडत नाही. डायबेटिसवाल्यांचं वजन उतरवून बघणारी 2017 ची 'डायरेक्ट' नावाची चाचणी वाचा. 15 किलो किंवा जास्त उतरवलेल्यांपैकी 86 टक्क्यांचा टाइप 2 डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात आला. तुमच्यासारख्यांमुळेच लोक "माझे रिपोर्ट नॉर्मल" म्हणत लोळतात. त्यातल्या बऱ्याच जणांचे रिपोर्ट पुढे बिघडतात, ते नाही लिहिलंत!

काडीपैलवान: लोळणाऱ्यांचं तुम्ही बघा. मी जन्माचा काडी. चेकअपला डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला काय होतंय! दोन घास जास्त खा." खाल्ले. पुढे सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 6.3, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. वजन तेव्हाही 58 च.

टेपवाली: कंबर किती? उंचीच्या निम्म्याच्या आत हवी.

काडीपैलवान: 32. पँटीचा नंबर.

टेपवाली: पँटीचा नंबर म्हणजे कंबर नव्हे हो! पट्टा बांधता पोटाखाली आणि सांगता 32. शिवाय रेडीमेडवाले गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून नंबर कमी लिहितात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा. पोट आत ओढायचं नाही.

किलोमीटर: माझी 34. कित्येक वर्षं तीच.

टेपवाली: पँट की टेप?

किलोमीटर: विषयाला धरून बोला.

खवचट: म्हणजे पँट.

काडीपैलवान: आत्ता मोजली. साडेपस्तीस!! उंची 66 इंच.

किलोमीटर: इथे शिवणवर्ग चालू आहे का?

गोळीवाला: विषयच घ्या मग. पायोग्लिटाझोन या डायबेटिसच्या गोळीने वजन वाढतं, तरी इन्सुलिन नीट काम करायला लागतं, कारण चरबी यकृतातून कातडीखाली सरकते. लायपोडिस्ट्रोफी या आजारात कातडीखाली चरबीला जागाच नसते, ती यकृतात भरते. माणूस हडकुळा आणि डायबेटिस जबरदस्त. बसवा हे काट्यात.

किलोमीटर: बरं बाबा, काटा एकटा पुरत नाही. पेढे वाटा! पण उतारा वजन उतरवणं हाच. ब्रिटनचे डॉक्टर रॉय टेलर यांनी बीएमआय 27 च्या आतल्या डायबेटिसवाल्यांनाही थोडं वजन उतरवायला लावलं. बहुतेकांची शुगर आटोक्यात आली.

बोरूबहाद्दर: म्हणजे काट्यावर पास झालेल्यांनाही डायबेटिस होता! माझंच म्हणणं छापलंत, आभारी आहे. आणि वजन तसूभर न हलता नुसत्या व्यायामानेही यकृतातली चरबी घटते. तो आकडा कुठल्या काट्यावर बघता?

किलोमीटर: तुमच्याशी बोलणं म्हणजे... जाऊ दे.