भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय, तुमच्या घरी काय झालं?

माहेरची_सई
नमस्कार. आमचं गाव कोपरगाव तालुक्यात, वडिलांची 6 एकर बागायत. वडील गेल्या वर्षी गेले, वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ, ताई आणि मी अशी चार नावं लागली. आता भाऊ म्हणतोय दिवाळीला आलात की तुम्ही दोघी आणि आई पण रजिस्ट्रार ऑफिसला चला, हक्कसोडपत्र करून द्या म्हणजे सगळं एका नावावर येईल.

भाऊ वाईट नाहीये हे आधीच सांगते. बाबांच्या आजारपणात रात्री बेरात्री नाशिकला घेऊन पळायचा तोच, शेती तोच करतो, वहिनी आईचं सगळं बघते. पण काका मध्ये पडले, म्हणाले मोठीचं लग्न 1992 चं आहे तिला कायद्याने काहीच नाही, आणि बहिणींनी हिस्सा मागितला की भाऊबीजेचं ताट बंद होतं. ते फार लागलं मला. मी कुठे काय मागितलं होतं? मला शेती करायची नाही, पैशाची पण तशी अडचण नाही, तरी सही करायची म्हटलं की पोटात कालवतं. नवरा म्हणतो तुझं माहेर आहे तू ठरव. तुम्ही सही केलीत का? नाही म्हणालात तर नंतर जाणंयेणं कसं राहिलं?

वैजापूरकर
ताई मी भावाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे शेतीवर राहिलेला, त्यामुळे ती बाजू सांगतो. सातबाऱ्यावर चार नावं असली की सोसायटीचं पीककर्ज घ्यायला सगळ्यांची संमती लागते, ठिबकच्या अनुदानाला लागते, विहिरीला लागते, एक बहीण पुण्यात एक सुरतला म्हटल्यावर सह्या गोळा करण्यातच पेरणी निघून जाते. भावाच्या मनात पाप असेलच असं नाही.

पण दुसरं पण बघितलंय. समृद्धी महामार्गाची मोजणी आमच्याकडे आली तेव्हा ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हतं तिचे एकदम एवढे पैसे आले की सख्खे भाऊबहीण कोर्टात गेले. ज्या घरात आधीच बसून बोलणं झालं होतं तिथे काही झालं नाही. म्हणून म्हणतो सही करा नाहीतर नका करू, पण बोलणं भाऊ बहिणी आणि आई यांच्यातच होऊ द्या, काकांना बाहेर ठेवा.

अॅड_नगरकर
काकांनी सांगितलं ते जुनं आहे. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, गावोगावी अजून तेच डोक्यात आहे. पण केंद्राचा बदल 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाला, त्यात लग्नाची अट नाही. पुढे ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासून आहे, 2005 ला वडील हयात असोत नसोत. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या वाटण्या मात्र मोडता येत नाहीत, पण तुमच्याकडे वाटणी झालेलीच नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली आणि मृत्युपत्र नसलं तरी वारस तुम्ही चौघंच. म्हणजे ताईला, तुम्हाला, भावाला आणि आईला प्रत्येकी चौथा हिस्सा, दीड दीड एकर.

आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, दिवाणी कोर्टात फसवणूक वगैरे सिद्ध करत बसावं लागतं. दिवाळीच्या गडबडीत हे काम करू नका.

रानजाई
सगळे बहिणींचं बोलतायत, मला आईचं बोलायचंय. सई, तू तुझं काय करायचं ते कर पण आईला सही करू देऊ नकोस!! आमच्याकडे आम्ही बहिणींनी सोडलं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, पण त्याच कागदावर आईची पण सही घेतली गेली, तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही कारण आईचं वेगळं असं काही असतं हेच कोणाच्या मनात नसतं. पुढे भावावर कर्ज झालं, त्याने दोन एकर विकले आणि आईला ते खरेदीखत झाल्यावर शेजारणीकडून कळलं. ती चिडली नाही, भांडली नाही, नुसती म्हणाली मला विचारलं असतं तर नाही थोडीच म्हटलं असतं. भाऊ तिला नीट सांभाळतो, जेवणखाण औषधपाणी सगळं, पण घरात तिचा शब्द गेला तो गेलाच. बाईच्या नावावर काहीतरी असलं की म्हातारपणी तिला विचारूनच गोष्टी होतात, हे मी दोन्ही घरात बघितलंय, माझ्या सासूबाईंच्या नावावर घर आहे तिथे फरक लगेच कळतो.

जुना_बिल्लेवाला
रानजाई यांचं अगदी पटलं. माझे वडील शेतकरी संघटनेत होते, 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला आईला घेऊन गेले होते. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, तेव्हा वडिलांनी एक एकर आईच्या नावावर केलं. भावकी हसली होती. वडील गेल्यावर त्या एका एकरामुळे आईला कोणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि आम्ही भाऊ कधी दुरावलो पण नाही.

माहेरची_सई
सगळ्यांचे खूप आभार. रानजाई तुझं वाचून रात्री आईलाच फोन केला, तोपर्यंत तिला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणाली माझं नाव कशाला काढता, मी काय मेले का, आणि तुमचं तुम्ही भावंडं बसून ठरवा, त्याला मध्ये घेऊ नका. त्याला म्हणजे काकांना. मग भावाशी बोलले. आधी गप्प झाला, मग म्हणाला मला पीककर्जाची अडचण आहे ती सोडवा, बाकी घाई नाही. तर सध्या हक्कसोड कोणीच करत नाही, मी आणि ताई कर्जासाठी संमती देतोय. ताई आधी सही करायला तयार होती, तिला 2005 चं सांगितलं तर म्हणाली हे मला आजवर कोणी सांगितलं कसं नाही. ती आता सोडायचं की ठेवायचं ते सावकाश ठरवणार आहे, मी पण. वैजापूरकर, संमती स्टॅम्पवर लागते की साध्या कागदावर चालते?

वैजापूरकर
आमच्या सोसायटीत सचिवाकडेच नमुना मिळतो, तुमच्याकडे काय मागतात ते भावालाच आधी विचारून यायला सांगा. आधार कार्ड दोघींनी सोबत ठेवा. आणि नुसतं संमतीपत्रच आहे ना हे सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या, आईंना पण वाचून दाखवा.