डक्टवाला एसी न बसवता घर गार ठेवलंय? अनुभव सांगा

सगळ्या घरात डक्ट (छतातून गार हवा नेणाऱ्या मोठ्या नळ्या) टाकून एसी बसवायचा विचार होता. मापं घ्यायला आलेला माणूस मान वर करून बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "फॉल्स सीलिंग करावं लागेल, उंची फूटभर कमी होईल, आणि या दोन तुळयांखालून नळी काही जात नाही." तो गेल्यावर आम्ही दोघंही तशीच मान वर करून बसलो. एसीचा विषय तिथे मिटला, उकाडा मात्र आहे तसाच.

म्हणून विचारतोय. ज्यांनी असा एसी न बसवता घर राहण्याजोगं केलंय त्यांनी लिहा. घर कसलं आहे (डोक्यावर गच्ची की दुसऱ्याचं घर, स्लॅब की पत्रा), हवा कोरडी की दमट, काय केलं आणि काय केलेलं वाया गेलं. वाया गेलेलं जरा सविस्तर लिहा, लाजू नका. 'भरपूर पाणी प्या, झाडं लावा' एवढंच सांगायचं असेल तर ते पाठ आहे.

*

सर्वात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची.

दुपार कशीबशी निघायची, खरा छळ रात्री दहाला सुरू व्हायचा. पंखा लावला की वरून गरम फुंकर. आम्ही पंख्याला शिव्या घालायचो. एका रात्री स्टुलावर चढून छताला तळहात लावला आणि पंखा निर्दोष सुटला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास घेते. बाहेर गार व्हायला लागतं तेव्हा आपल्या डोक्यावरचं काँक्रीट नुकतं रंगात आलेलं असतं. शिवाय ते नुसती हवा तापवत नाही, धग सरळ अंगावर फेकतं, शेकोटीसमोर बसल्यासारखी. त्यामुळे खोलीतल्या हवेचा आकडा ठीक दिसला तरी अंगाची काहिली थांबत नाही.

पहिल्या वर्षी चुना मारला. गुण आला, पण तळव्यांना लागून पांढरी पावलं घरभर, आणि पहिल्या जोरदार पावसात निम्मा वाहून गेला. दुसऱ्या वर्षी गच्ची घासून धुतली, भेगा भरल्या आणि उन्हाला परतवणारा पांढरा रंग दोन हात दिला. टाकीजवळच्या कोपऱ्यात रंग संपला. तो कोपरा तसाच राहिला हे बरं झालं. भर दुपारी रंगवलेल्या भागावर अनवाणी उभा राहू शकलो, कोपऱ्यात पाय टेकला आणि उडीच मारली. रात्री दहाला खालून छत मोजलं तर पूर्वी 41 अंश दाखवायचं तिथे 35.

धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी एकदा धुवायचं. आणि तुमच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचं घर असेल तर हे सगळं तुमच्या उपयोगाचं नाही.

*

वरच्या अनुभवाला माझा उलटा अनुभव जोडतो. आम्ही गच्चीवर गोणपाट अंथरलं आणि दिवसातून तीनदा पाणी मारलं. घर गार झालं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या महिन्यात बैठकीच्या छतावर पिवळट डाग उमटला, मग पोपडे, मग एके ठिकाणी गंजलेला गज दिसायला लागला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधीच गेलेलं होतं आणि आम्ही त्यावर रोज पाणी ओतत होतो. आता लोखंडी पाइप उभे करून अडीच फुटांवर शेडनेट बांधलंय. ऊन वरच अडतं, खालून वारा जातो, स्लॅब कोरडा. वादळात एकदा फाटलं, तेव्हापासून मान्सूनच्या आधी काढून घडी घालून ठेवतो.

*

आमच्याकडे भांडण खिडकीवरून. सासऱ्यांचं म्हणणं, "घरात वारा खेळता पाहिजे." माझं म्हणणं, दुपारी बाहेरचा वारा आत घेणं म्हणजे झळ विकत घेणं. दोन उन्हाळे हेच. ते उघडायचे, मी लावायचे.

शेवटी दोन साधे तापमापक आणले. एक आत भिंतीवर, एक बाहेर सावलीत. ठरलं असं, की बाहेरचा आकडा कमी असेल तेव्हा खिडक्या सताड उघड्या, जास्त झाला की लावायच्या आणि पडदे ओढायचे. आमचं घर जुनं, भिंती जाड. रात्रभर गार झालेल्या भिंती दुपारपर्यंत गारवा धरून ठेवतात, बाहेर 40 असताना आत 33 ला टेकतो. सकाळी साडेआठच्या सुमारास आकडे जुळतात, संध्याकाळी साडेसातला पुन्हा. आता बाबाच वहीत आकडे लिहितात आणि वर मलाच ओरडतात, "सूनबाई, पावणेनऊ झाले, मागची खिडकी उघडी आहे!"

रात्री आणखी एक करतो. स्टँडचा पंखा खिडकीत ठेवतो, पण तोंड बाहेर. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो उलटा आहे म्हणून फिरवायला जातो. एका टोकाच्या खोलीतली गरम हवा तो बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत ओढली जाते. मधली सगळी दारं उघडी हवीत, एक जरी बंद असलं तरी सगळं मुसळ केरात.

*

सूनबाईंचा नियम बरोबर आहे, पण पत्र्याच्या घरात तसाच्या तसा लावाल तर भाजून निघाल. पत्रा जाड भिंतीसारखा वाट बघत बसत नाही. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि दुपारी आतला आकडा बाहेरच्याहून वर जातो. मग खिडक्या लावणं म्हणजे भट्टीचं झाकण लावणं. आम्ही दिवसाही सगळं उघडं ठेवतो, आणि गरम हवा वर चढते म्हणून आढ्याजवळ दोन्ही बाजूंना झरोके काढलेत. पत्र्याखाली छत टाकलं, मध्ये वीतभर पोकळी. त्या पोकळीत चकचकीत फॉइल लावलंय. पहिल्यांदा गड्याने ते पत्र्याला घट्ट चिकटवलं होतं, काडीचा फरक पडला नाही. फॉइलच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी लागते, नाहीतर ते पत्र्यासारखंच तापून बसतं. एक मात्र सुख, सूर्य मावळला की पत्रा जेवढा लवकर तापतो तेवढाच लवकर निवतो.

*

कूलरवाला लिहितोय. नोकरीमुळे कोरड्या हवेतून दमट हवेत राहायला आलो आणि तोच कूलर, तीच टाकी, तोच मी, पण इथे तो निव्वळ आवाज करतो.

कारण साधं आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता उचलतं. एक लिटर पाणी पूर्ण उडालं तर पाऊण युनिट विजेहून थोडी कमी उष्णता ओढून घेतं. पण हवा आधीच ओली असेल तर पाणी उडणार कुठे? तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो, त्याखाली साधा कूलर जाऊच शकत नाही. हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर तो आकडा 24 च्या आसपास, चांगला कूलर 27-28 ची हवा देतो. स्वर्ग. हवा 34 आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर तोच आकडा 29, कूलरमधून येते 30 ची चिकट हवा. म्हणून विकत घेण्याआधी आर्द्रता मोजा, शेजाऱ्याचा कूलर बघून घेऊ नका.

कोरड्या हवेतही लोक चूक करतात ती दारं-खिडक्या लावून कूलर चालवायची. तो एसी नाही. त्याची पाठ बाहेरच्या हवेकडे हवी आणि समोरच्या बाजूला हवा निघून जायला फट हवी, नाहीतर अर्ध्या तासात कोंदट होतं आणि उशीसुद्धा ओलसर लागते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या, डासांची अंडी तिथेच चिकटलेली असतात. मी एका वर्षी आळस केला आणि घरात डेंग्यू आला. कूलरमुळेच आला की नाही, सांगता येणार नाही, पण टाकीत वळवळणाऱ्या अळ्या मी या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

*

टेबलफॅनसमोर परातीत बर्फ ठेवणाऱ्या मंडळींमध्ये मीही होतो. मग हिशेब केला. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढी एक टनाचा एसी दीड मिनिटात बाहेर टाकतो. हा 'टन'सुद्धा मुळात बर्फाचाच आहे, 24 तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ वितळायला लागेल तेवढी उष्णता. माझी परात दोन किलोची. आणि तो बर्फ ज्या फ्रिजने बनवला त्याने त्याहून जास्त उष्णता स्वयंपाकघरात सोडलेली. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार होते म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.

*

भाड्याचं घर, पश्चिमेला मोठी काच. काही ठोकायची परवानगी नाही.

आतून जाड पडदे लावले. पडदा तापायचा, त्याच्यामागची हवा तापायची आणि वरून खोलीत सांडायची. ऊन काचेतून आत येतं, पण तापलेल्या पडद्याची धग त्याच काचेतून परत जात नाही. मग काचेला आतून गडद फिल्म चिकटवली. तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास 'टक्' असा आवाज आला, काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत तडा. फिल्म ऊन पिते, काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दबलेली कड तेवढी तापत नाही. घरमालकांनी भरपाई घेतलीच.

आता बाल्कनीच्या कठड्याला बाहेरून हिरवी जाळी बांधलीय, वरपासून खालपर्यंत सरळ उभी. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला वरचा छज्जा अडवत नाही. सुतळीच्या चार गाठी, घर सोडताना सोडून न्यायची. एवढ्याने जेवढं झालं तेवढं आधीच्या दोन्ही खर्चांनी झालं नव्हतं.

*

एका नळीचा चाकांवरचा पोर्टेबल एसी घेऊ नका. खोलीतलीच हवा नळीवाटे बाहेर फेकतो, तेवढीच हवा फटींतून बाहेरची गरम आत येते. वर ती नळी स्वतः हीटरसारखी तापते. आमच्याकडे तो आता कपडे वाळत घालायला आहे.

*

गमतीत चाललंय, पण एक गंभीर सांगते. आई 78 वर्षांची. खोलीत 36 अंश असताना ती अंगावर शाल घेऊन बसायची आणि म्हणायची, "मला नाही बाई गरम होत." आम्हीही विश्वास ठेवला. वयाबरोबर तहान आणि उष्णता दोन्हींची जाणीव मंदावते, हे नंतर कळलं. एका दुपारी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली, मग पुन्हा मारली. अंग तापलेलं. अँब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओतत होतो आणि पंखा लावला होता. चार दिवसांनी घरी आली.

तेव्हापासून तिला विचारत नाही, तापमापक बघते. जागतिक आरोग्य संघटना दिवसा खोली 32 च्या आत आणि रात्री 24 च्या आत ठेवायला सांगते. रात्रीचं 24 आम्हाला कधी जमलेलं नाही, दिवसाचं जमतं. आणि 40 च्या वर नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो गरम हवा अंगावर मारून शरीर आणखी तापवतो. त्याआधी मात्र पंखा आणि ओलं अंग ही जोडी चांगली. मानेवर, हातांवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारते. "मला काय कुंडीतलं रोप समजलीस का गं?" म्हणते, पण मान पुढे करते.

*

आम्ही शेवटी एसी घेतलाच, पण एकच, साधा स्प्लिट, सगळ्यात लहान खोलीत. भर उन्हाळ्याचे दीड महिने पाचही जण त्याच खोलीत झोपतो, गाद्या टाकून. 27 वर ठेवतो आणि जोडीला छताचा पंखा, त्याने चारेक अंश कमी असल्यासारखं वाटतं. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवायची आणि एसीच्या आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवायची. बाहेरचं युनिट सावलीत असू द्या, पण त्याला चारी बाजूंनी झाकू नका, त्याला श्वास घ्यायला जागा लागते. पंखे बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले, जुना 75 वॅट खायचा, हा 30 मध्ये भागवतो. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा, तो माणसाला गार करतो, खोलीला नाही.

*

धागा काढणारा पुन्हा. सगळ्यांचे आभार. काल रात्री साडेदहाला स्टुलावर चढून छताला हात लावला. आमच्यावर दुसऱ्यांचं घर आहे, छत गारच निघालं. मग घरातल्या सगळ्या भिंतींवरून हात फिरवत गेलो, बायको विचारतेय काय शोधताय. बैठकीची पश्चिमेची भिंत सापडली, रात्री साडेदहालासुद्धा भाकरीच्या तव्यासारखी. मी इतकी वर्षं छतात नळ्या घालायला निघालो होतो.

त्या भिंतीला खिडकी नाही, बाल्कनी नाही, आणि घर दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरून जाळी बांधायची तर कशाला बांधायची? भिंतीपासून हातभर अंतर राखून कुणी केलंय का असं?